सुलभाने पुरलेला गाऊन

सुलभाच्या निखिलचा फोन आला, "मावशी, आई गेली." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अरे, तिचा गाऊन अजून जमिनीतच आहे!" मी काय म्हणतेय ते त्याला बरोबर कळलं होतं.

सुलभा माझी शाळेपासूनची मैत्रीण. मुलुंड कॉलनीच्या मागे, डोंगराला टेकून तिच्या सासऱ्यांची पाच गुंठे जमीन होती. आधी तिथे एकजण भाजी पिकवायचा, त्याने तणनाशक मारमारून मातीची पार वाट लावलेली. निवृत्त झाल्यावर सुलभाने तिथे झाडांच्या सावलीत कॉफी लावली. "मुलुंडात कॉफी? डोकं फिरलंय का गं तुझं?" मी म्हणाले. "पिशील तेव्हा बोल," ती म्हणाली. रोपं जगली, पण पिवळी, किरटी. गांडूळ नाही, मुंगी नाही. मूठभर माती नाकाशी धरली तरी कसलाच वास यायचा नाही. तिथे गेलं की मयताच्या घरी गेल्यासारखा माझा आवाज आपोआप खाली यायचा.

मग तिला कुठूनसं कळलं, की मातीत सुती कपडा पुरायचा. माती जिवंत असेल तर ती तो खाते. बयेने आपला वापरातला गाऊनच कॉफीच्या झाडापाशी नीट पसरून पुरला. पावसाळ्याआधी पुरलेला, दसऱ्याला काढला... जसाच्या तसा! वरची फुलंसुद्धा ओळखू येत होती. कहर म्हणजे तिने तो धुतला आणि घातला. "चांगला आहे गं, टाकायचा कशाला?" खड्ड्यातून निघालेलं ते कापड अंगात घालून ती मला चहा देत होती. मी चहा तसाच ठेवून उठले.

निखिलला ती जागा पार्किंगला द्यायची होती. "आई, मेलीय ती माती. सोड ना आता." सुलभाने शर्त घातली. "अजून एक पावसाळा. या खेपेला गाऊन अख्खा निघाला, तर मी स्वतः सही करते." मग तबेल्यातून शेण आण, खताला गिरिपुष्पाचा पाला तोड, कॉफीच्या फळांची टरफलं कुजवून बुंध्याशी पसर, हेच चाललेलं. खोकत होती, तरी टोपल्या उचलतेच आहे. ओरडले, भांडले, काही उपयोग नाही. तोच गाऊन तिने पुन्हा पुरला, आणि दसऱ्यापर्यंत ती स्वतःच काही टिकली नाही. खूप राग आला मला तिचा. अजून येतो.

गेल्या रविवारी मी आणि निखिल गेलो. त्याने कुदळीचे दोन घाव घातले, मग कुदळ टाकून हातानेच उकरू लागला. माती काळीभोर, भुसभुशीत आणि चक्क कोमट. कापड नव्हतंच. उरली होती फक्त नायलॉनच्या दोऱ्याची शिवण. गळा, दोन्ही बाह्या, खालचा घेर... सगळं जागच्या जागी, कुणी उताणं निजावं तसं. आणि त्या दोऱ्यांच्या आत, गळ्यापासून घेरापर्यंत, कॉफीच्या पांढऱ्या बारीक मुळ्या दाटल्या होत्या. आम्ही बघत असतानाच बाहीतून एक गांडूळ सरकलं आणि बाही हलली.

"जिंकली रे ती," मी म्हणाले. निखिल गुडघ्यांवर बसला होता. एकाएकी तो दोन्ही हातांनी माती खड्ड्यात ओढू लागला.

"मावशी, बघत काय बसलीस? माती लोट ना... उघडी पडलीय आई."