डाव्या कानातला जड डूल

माझी मावशी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर मेण चढवायचं, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. ज्या तोंडात ते दात जाणार ते तोंड तिने कधी पाहिलेलं नसायचं. पण नुसत्या साच्यावरून ती सांगायची, हा माणूस एकाच बाजूने चावतो, ही बाई झोपेत दात खाते. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, राहून गेलं. एका लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्यांत एकटी राहायची आणि कपडे असे घालायची की भिंतीला टेकून उभी राहिली तर भिंतच वाटावी. माझी आई तिची थोरली बहीण. ती यावरून तिला कायम टोकायची आणि मावशी कायम हसून सोडून द्यायची.

एकदा कामावरून परतताना तिच्या चष्म्याची साखळी तुटली. वाटेत कुलूपवाला आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधे एक चिंचोळं दुकान होतं. कानातले, माळा, स्कार्फ, पर्सा, सगळं मालकीणबाई स्वतः बनवायच्या. मावशी आत गेली. मालकीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या, आणि ते गिऱ्हाइकाकडे बघणं नव्हतं. मावशीने मांडणीवरची एक काळी साखळी उचलली. बाईंनी ती हळूच तिच्या हातातून काढून घेतली.

"ही तुमची नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खालच्या खणातून हिरव्या मण्यांची साखळी काढली आणि स्वतःच तिच्या चष्म्याला लावली. समोरचा आरसा जरा तिरका टांगलेला होता. मावशीला त्यात स्वतःचा अर्धाच चेहरा दिसला. उरलेल्या अर्ध्यात दुकानाच्या मागचा पडदा होता.

तिला ती साखळी इतकी शोभली की लॅबमधल्या मुलींनीही विचारलं. इतक्या वर्षांत तिला असं कोणी काही विचारलं नव्हतं. ती पुन्हा गेली, मग जातच राहिली. दर वेळी आपण काय घ्यायला आलोय ते ती सांगायची आणि दर वेळी बाई खणातून दुसरंच काढायच्या. हिरवा स्कार्फ, तो गळ्याशी कसा बांधायचा तेही त्यांनीच दाखवलं. आखूड पट्ट्याची पर्स. मग लांबट डूल. मावशी आमच्याकडे आली तेव्हा आईने तिला दारातच थांबवून नीट पाहून घेतलं आणि आता कुठे माणसात आलीस म्हणाली. मला मात्र काहीतरी खटकलं. मावशीची मान डावीकडे कललेली होती, जणू कोणीतरी खाली उभं राहून तिच्याशी बोलतंय आणि ती ऐकतेय.

मग रस्त्यात लोक तिला ओळखू लागले. चपला दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने हातातलं काम थांबवलं आणि बऱ्याच वर्षांनी दिसलात, म्हणाला. एका बाईने बसमध्ये उठून तिला जागा दिली, घरचे कसे आहेत विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत घाबरल्यासारखी खाली उतरून गेली. मावशी आम्हाला हे हसत सांगायची. पण एका दुपारी लॅबमध्ये तिने सहज म्हणून ते डूल काढले आणि कवळीचा मसाला मोजायच्या बारीक काट्यावर ठेवले. डावा डूल जड होता. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखे, पण डाव्याच्या आत शिसं भरलेलं. मान त्यानेच कलत होती. पर्सचा आखूड पट्टा कोपर अंगाशी धरायला लावत होता, आणि स्कार्फच्या गाठीमुळे हनुवटी वर राहत होती. मावशीचा सगळा जन्म साच्यावर माप बसवण्यात गेला होता. इथे कोणीतरी तिलाच बसवत होतं.

ती तडक दुकानात गेली. तिने डूल समोर ठेवले आणि हे काय म्हणून विचारलं. मालकीणबाई जराही गडबडल्या नाहीत. त्यांची धाकटी बहीण एका सकाळी दोरा आणायला बाहेर पडली ती परत आलीच नाही, असं त्यांनी सांगितलं. लहानपणी तिच्या मानेला दुखापत झाली होती, म्हणून ती अशी चालायची. आईचा जीव तिच्यात अडकला आहे. एकदा आत येऊन बसाल का, एवढंच त्यांनी विचारलं.

मावशीला दया आली. पडद्यामागे छोटी खोली होती. खुर्चीत एक म्हातारी बसली होती, पायांवर शाल. तिच्या समोर भिंतीतल्या फटीतून दुकानातला तो तिरका आरसा दिसत होता. म्हणजे इतके दिवस आरशाच्या उरलेल्या अर्ध्यातून ही तिला बघत होती. मावशी जवळ जाऊन वाकली. म्हातारीने तिची हनुवटी चिमटीत धरली, चेहरा या बाजूला वळवला, मग त्या बाजूला. मावशी वाट बघत होती की ती आता रडेल, लेकीचं नाव घेईल.

म्हातारी तिच्याशी बोललीच नाही. ती मालकीणबाईंकडे बघून म्हणाली, "ही बरी आहे. मागची फार बोलायची."

मावशी सांगते, त्या वेळी ती किंचाळली नाही, पळालीही नाही. तिने गळ्यातला स्कार्फ सोडला, चष्म्याची साखळी काढली, पर्समधल्या चाव्या मुठीत घेतल्या आणि पर्ससकट बाकी सगळं म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. मालकीणबाई दारात आडव्या आल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हिवाळ्यात मान दुखेल. शेकत जा."

मान खरंच दुखली. डूल गेले तरी ती सरळ होईना. डॉक्टर झाले, व्यायाम झाले. मावशी पुन्हा राखाडी कपडे घालायला लागली, ती गल्ली टाळून लांबून जाऊ लागली. पण काचेच्या दारात स्वतःला बघितलं की दचकायची.

पुढच्या वर्षी भाजीबाजारात तिच्या समोरून एक बाई आली. साधे कपडे, कानात काही नाही, आणि मान डावीकडे कललेली. दोघी एकाच वेळी थांबल्या. कोणी कोणाला काही विचारायची गरजच पडली नाही. बाजूच्या टपरीवर चहा घेतला. ती बाई बोलकी होती, थांबायचं नाव घेत नव्हती. मावशीने मधेच म्हटलं, तरी बिचाऱ्यांची बहीण गेली, दुःख तर असणारच. त्या बाईने कप खाली ठेवला.

"बहीण?" ती म्हणाली. "मला तर आपली मुलगी गेली म्हणून सांगितलं होतं तिने."

त्या दुकानातून मुळात कोण गेलं होतं, कोणी गेलं तरी होतं का, हे दोघींना आजही माहीत नाही. त्या दुकानात दोघींपैकी पुन्हा कोणी जात नाही. पण रविवारी दोघी तळ्याकाठी फिरायला जातात, एकीची मान कलते तशीच दुसरीची. लोक त्यांना बहिणी समजतात. सुरुवातीला दोघी घाईघाईने नाही म्हणायच्या. आता म्हणत नाहीत. माझ्या आईला ते अजिबात आवडत नाही.