आबा म्हणाले, तू नगं

बिरदेव अकरावीला असताना त्याची आई हरणाबाई शेवग्याच्या शेंगा काढताना झाडावरून पडली आणि कमरेखाली लुळी झाली. दिवाळी झाली की त्याचे वडील हरिबा मेंढरं घेऊन आटपाडीकडून कृष्णाकाठाला उतरायचे. त्यामुळं आईचं सगळं बिरदेवकडंच आलं. तिला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, खालचं कापड बदलायचं. सुरुवातीला ती डोळे मिटून घ्यायची. पुढं पुढं तिला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालेना.

पण पाठीला जखमा झाल्या आणि त्या चिघळल्या. सांगलीच्या दवाखान्यात मंगल नावाच्या नर्सनं त्या धुतल्या. बिरदेव बाजूला उभा राहून बघत होता. "पोरा, अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. कुणी सांगितलं नव्हतं?" तिनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. आठवड्यानं आई गेली.

बारावीनंतर गावातली पोरं पहाटे भरतीसाठी पळत होती. बिरदेवही थोडे दिवस पळाला. मग त्यानं नर्सिंगची सीईटी दिली आणि सांगलीत बीएस्सीला नंबर लागला. तो सांगायला रानात कळपाच्या वाड्यावर गेला, तेव्हा हरिबा मेंढरं कातरत होते.

"नरशिंग? ते बायकांचं काम हाय."

"आबा, गडीबी असत्यात आता."

"लोकांची घाण काढायची?"

"मेंढी अडली की तुमी हात घालून कोकरू काढताच की."

हरिबांची कात्री थांबली. "मेंढराला लाज नसती रं," ते म्हणाले आणि पुन्हा कातरायला लागले.

बिरदेव सांगलीला गेला. वर्गात मुलं मोजकीच होती. गावाकडच्या दोन सोयरिकी त्याचं शिक्षण ऐकूनच मोडल्या. पण वॉर्डात तो रमला. म्हातारे रुग्ण त्याला नावानं हाका मारायचे.

चौथ्या वर्षी एका दुपारी पुरुषांच्या वॉर्डात हरिबांनाच आणलं. लघवी तुंबून पोट दगडासारखं झालेलं, वेदनेनं ते तळमळत होते. ताबडतोब नळी घालायची होती आणि वॉर्डात बिरदेवचीच ड्युटी होती. तो हातमोजे घालून खाटेजवळ गेला. हरिबांनी त्याला ओळखलं आणि धोतर दोन्ही मुठींत घट्ट धरलं.

"तू नगं. दुसऱ्या कुणाला तरी बलीव."

"आबा, मी रोज करतो ह्ये. लगेच बरं वाटंल."

"मरंन, पर तू नगं."

बिरदेवनं वर्गमित्र साईराजला बोलावलं आणि तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. आतून बापाचं कण्हणं ऐकू येत होतं. शेकडो परक्यांना त्यानं हात लावला होता. बापापाशी मात्र त्याचे हात रिकामेच राहिले.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. हरिबा "बघू" म्हणाले आणि नळी निघताच मेंढरांकडं गेले. पुढं त्रास वाढला तरी त्यांनी पोराला कळवलं नाही. पोरगा आपल्याला पुन्हा तसल्याच दवाखान्यात नेईल, ही धास्ती. दोन वर्षांनी फलटणच्या बाजूला रानात ते बेशुद्ध पडले, तोवर किडन्या गेल्या होत्या.

बिरदेव आता साताऱ्यात एका दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात आहे. मेंढरं विकली. हरिबा त्याच्याच खोलीवर राहतात आणि डायलिसिसला त्याच्याबरोबर जातात. घरी पाय सुजले की ते त्यांवर पांघरूण ओढून घेतात. दोघांत बोलणं फारसं होत नाही. जेवायला वाढलं की "पुरं" म्हणतात, तेवढंच.

परवा बिरदेव ड्युटीवरून आला, तेव्हा हरिबा शेजारच्या म्हाताऱ्याशी ओट्यावर बोलत बसले होते.

"पोरगा काय करतो तुमचा?"

"दवाखान्यात सायब हाय," हरिबा म्हणाले. "कागदपत्राचं काम बघतो."

बिरदेवनं ऐकलं. चपला दारात काढल्या, आत जाऊन भाताला आधण ठेवलं.