एकाच बाजूचे ठिपके

गाडी घरी येऊन सोळा दिवस झाले होते. सकाळी मी डबा भरत होते आणि बाबांनी अंगणातून मला पूर्ण नावाने हाक मारली. आमच्या घरात पूर्ण नाव शाळेच्या दाखल्यावर असतं, नाहीतर भांडणात.

"हिकडं ये. ही बघ तुझी गाडी."

गाडी पांढरी. तिच्या डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर तांबूस ठिपके उठले होते. नाचणीच्या दाण्याएवढे, काही त्याहून बारीक. बाबांच्या हातात ओलं फडकं होतं. तीस वर्षं ट्रक चालवला, त्यामुळे सकाळी उठून गाडी पुसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. त्यांनी एका ठिपक्यावर नख घासलं. ठिपका तसाच.

"गंज हाय," ते म्हणाले. "सोळा दिसांत गंज! वरून रंग मारून खपवलीय तुला."

ही गाडी मी एकटीने निवडली होती.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. आजोबा मिठागरावर, बाबाही आधी मिठागरावर आणि मग ट्रकवर. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी जरा जास्तच वेळा सांगते असं माझी आई म्हणते. सांगते. का सांगू नये? पदवीच्या जोरावर मला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आणि तिथल्या आमच्या वरिष्ठ बाईंनी मला हाताला धरून काम शिकवलं. गाडी त्यांचीच. त्यांनी नवी घ्यायचं ठरवलं तेव्हा जुनी घेतेस का म्हणून मला विचारलं. बाबा म्हणाले होते, "माझा दोस्त मिस्त्री हाय, त्याला दाखवू." मी म्हटलं, "बाईंची गाडी आहे, दाखवायची गरज नाही." बाबांनी ऐकलं. पण गाडी आल्यावर आमचं फाटक तिला अरुंद पडतंय हे त्यांच्याच लक्षात आलं आणि पहिल्याच रविवारी त्यांनी वेल्डर बोलावून ते रुंद करून घेतलं. मला न विचारता. त्यांची माया अशीच असते.

आणि आता ते म्हणत होते, "येत्या रविवारी मी नि मिस्त्री त्या बाईच्या घरी जातो. गाडी तिच्या दारात उभी करतो नि चार लोकांसमोर इचारतो."

"बाबा, बाई तशा नाहीत."

"बाई कशी का असंना. पत्रा खोटं बोलत न्हाय."

"आधी मला बघू तरी दे काय आहे ते."

"तू काय बघनार? गंज तू मला शिकवतंस? ट्रकचा पत्रा मी हातानं खरवडलाय गो. गंज आतूनच येतो."

त्या दिवशी प्रयोगशाळेत बाईंनी विचारलं, "काय गं, गाडी काय म्हणते?" मी "मस्त" म्हटलं आणि काचेच्या भांड्यात मान घातली. बाईंनी मला फसवलं असेल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुपारच्या जेवणाला एकदा वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

शुक्रवारी घरी आले तर आईने आपल्या परीने इलाज केला होता. देवाची तांब्या-पितळेची भांडी ती आमसूल आणि राखेने घासते, लखलखीत निघतात. तसंच तिने गाडीच्या मागच्या दारावर आमसूल चोळलं, वर चुलीतली राख लावली आणि घासलं. ठिपके फिके झाले होते खरे. पण तळहाताएवढ्या जागेवरची चकाकीही गेली होती.

"जरा जोर कमी पडला," आई म्हणाली. "सकाळी परत घासते."

"आई, पाया पडते, आता हात लावू नको."

शनिवारी अर्धा दिवस काम होतं. सुटल्यावर गाडी घेऊन मी तडक नागावला गेले. तिथे रस्त्याला लागून एकाचं गाड्या धुण्याचं दुकान आहे. मुंबई-पुण्याचे लोक किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालतात आणि मग खाऱ्या पाण्याला घाबरून त्याच्याकडे धुवायला आणतात. माणूस बोलका. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि खिशातून प्लास्टिकची पातळ पिशवी काढली.

"मॅडम, ही हातात घाला. मोज्यासारखी. आता दारावरून हात फिरवा."

मी फिरवला. नुसत्या हाताला जे जाणवलं नव्हतं ते पिशवीतून जाणवलं. दार पॉलिश पेपरासारखं खरखरीत लागत होतं.

"आता त्या बाजूला."

उजवी बाजू गुळगुळीत होती.

"हा गंज गाडीचा नाही," तो म्हणाला. "पत्र्यातला गंज असला की रंग फुगतो, पापुद्रा सुटतो. हे बाहेरून येऊन बसलंय. लोखंडाचा कीस आहे. रंगात रुतला, दवात भिजला, वरून आपली खारी हवा. तो कीस गंजलाय, गाडी नाही." मग त्याने सहज विचारलं, "शेजारी कुठे लोखंड कापायचा ग्राइंडर चालला होता काय?"

मला आमचं फाटक आठवलं.

फाटक कापायच्या दिवशी गाडी बाहेर रस्त्यावर, कुंपणाला अगदी लागून उभी होती. डावी बाजू फाटकाकडे. मी ती लांब लावायला निघाले होते, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच, मापाला बरी." वेल्डरने दोन तास ग्राइंडर चालवून जुने पाइप कापले. ठिणग्यांचा नुसता फवारा उडत होता. बाबा पाइप धरून उभे होते, आणि मी, रसायनशास्त्राची पदवीधर, हातात चहाचा ट्रे घेऊन ती शोभा बघत होते. तापलेलं लोखंड रंगावर पडलं की काय होईल, हा विचार माझ्याही डोक्यात आला नाही.

"निघेल का?" मी विचारलं.

"निघेल. आयर्न रिमूव्हर मारतो, लोखंडाचा कीस विरघळवणारं औषध, दहा मिनिटांचं काम. पण हे कोणी केलं?" त्याने चकाकी गेलेल्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"आईने. आमसूल."

तो इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. "मॅडम, डोकं बरोबर चाललं आईंचं, आंबट लागतंच गंजाला. पण राख कशाला लावली?"

मी त्याला म्हटलं, मला बाटली द्या, मी घरी करते. तो म्हणाला, इथे झालं असतं. पण माझ्या घरी ते बाबांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं होतं. दुकानातून चकाचक करून नेली असती तर बाबा म्हणाले असते, परत रंग मारून आणलीस. तसं सांगितल्यावर त्याला ते लगेच पटलं. बाटली देताना त्याने बजावलं: उन्हात नको, पत्रा गार हवा, आधी साध्या पाण्याने धुवा, हातमोजे घाला, आणि काही झालं तरी वाळू देऊ नका.

रविवारी सकाळी मी गाडी आंब्याच्या सावलीत घेतली. मिस्त्री नऊला येणार होता. बाबा अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. भांडायला जातानाही ते इस्त्रीचाच शर्ट घालतात.

"आता धुवून काय उपेग?" ते ओट्यावरून म्हणाले.

"नऊ वाजेपर्यंत मला वेळ दे. मग तुला जे करायचं ते कर."

धुऊन झाल्यावर आधी चाकाकडे वळले. चाकावर ब्रेकची धूळ असते, त्यात लोखंडच असतं, म्हणजे औषध काम करतंय की नाही ते तिथे आधी कळेल. फवारलं. पाण्यासारखं रंगहीन औषध. आधी वास आला.

"आयो! काय मेलंय?" आई पदर नाकाला लावून म्हणाली. "जवळा सुकवला तरी असा वास मारत न्हाय."

मग चाक जांभळं व्हायला लागलं. कडेकडेने आधी, आणि बघता बघता जांभळे ओघळ खाली मातीत उतरले. कॉलेजात लोह ओळखायची परीक्षा करायचो तेव्हा नळीतलं द्रावण एकदम लालभडक व्हायचं. लोखंड भेटलं की रंग बदलतो, हे माझ्या ओळखीचं होतं.

घरच्यांच्या ओळखीचं नव्हतं. "रगत!" आई ओरडली. बाबा ओट्यावरून खाली उतरले. "काय टाकलंस गो? ॲसिड? बंद कर, बंद कर, वाटोळं झालं चाकाचं!"

"बाबा, थांब. दोन मिनिटं."

"काय दोन मिन्टं? चाक इरघळतंय!"

मी ब्रशने घासलं आणि पाइपचं पाणी सोडलं. जांभळं वाहून गेलं आणि खालून चाक निघालं, चंदेरी. गाडी आली तेव्हाही ते इतकं स्वच्छ नव्हतं. बाबांनी वाकून बघितलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. पण परत ओट्यावर गेले नाहीत.

मग मी दारं घेतली. डाव्या बाजूला फवारलं आणि मागे सरकले. थोडा वेळ काहीच झालं नाही. या थोड्या वेळात मी मनातल्या मनात बाईंच्या दारात पोचले होते, बाबा आणि मिस्त्री पुढे, आणि बाई पायरीवर. मग एका ठिपक्याखाली जांभळी रेघ फुटली. मग दुसऱ्या. प्रत्येक ठिपका आपापली रेघ ओढत खाली येऊ लागला.

मी पलीकडे जाऊन उजव्या दारांवरही तेवढंच फवारलं. बाबा माझ्यामागे आले. आम्ही दोघं बघत राहिलो. खाली चाकाजवळ दोन-चार जांभळे थेंब, बाकी दारं पांढरी ती पांढरीच.

"ह्या बाजूला न्हाय," बाबा म्हणाले.

"नाही."

ते परत डावीकडे गेले. परत उजवीकडे आले. मी पाणी मारत होते, वाळू द्यायचं नव्हतं. डावीकडे दुसऱ्यांदा फवारलं. फाटकाचं नाव मी काढलं नाही. बाबांना सांगितलेलं पटत नाही, स्वतःला सापडलेलं पटतं, आणि त्या बाबतीत मी त्यांचीच मुलगी आहे.

त्यांनी मान वळवून फाटकाकडे बघितलं. नवे जोड अजून रंगवायचे होते, त्यांच्यावर तोच तांबूस रंग चढला होता. ते तिथपर्यंत चालत गेले, कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि हाताने माप घेतल्यासारखं केलं: गाडी इथे, पाइप इथे.

"फाटक कापलं तवा गाडी हितंच व्हती ना गो?"

"हो."

"मीच बोललो, ऱ्हाऊ दे."

"मीही चहा घेऊन उभीच होते की."

"तुझी बीएस्सी काय करत व्हती?"

"ठिणग्या बघत होती."

ते हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि खिशातून फोन काढला. मिस्त्रीला काय सांगतात ते ऐकायला मी पाइप बंद केला.

"अरे, निघालास काय? येऊ नको... न्हाय, न्हाय, रद्द. गाडीला काय झालं न्हाय, एक नंबर गाडी हाय... गंज न्हाय रे, लोखंडाचा कीस. वरचा. पोरीनं पाच मिन्टांत काढला, तिला ठावं असतं ते. बाईनं गाडी चांगली दिली." मग जरा थांबून, "ये तू असाच. च्या पी. चाक बघ तरी कसं झालंय."

मी तिथेच ओल्या मातीत खाली बसले.

चार-पाच ठिपके खोल रुतले होते ते निघाले नाहीत. नागाववाल्याने नंतर मातीच्या वडीसारखं काहीतरी घासून ते काढून दिले. उरलेली तीन चाकं त्याच रविवारी बाबांनी स्वतः केली, शर्ट काढून ठेवून, आईचे भांडी घासायचे हातमोजे घालून. मिस्त्री आला तेव्हा त्यालाही जांभळा रंग दाखवायचा होता म्हणून त्यांनी चौथं चाक राखून ठेवलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाई गाडीजवळ आल्या. आपली जुनी वस्तू बघावी तशी त्यांनी बघितली. "अगं, माझ्याकडे असताना चाकं इतकी चमकत नव्हती," म्हणाल्या. मग मागच्या दारावरच्या मंद पट्ट्यावर त्यांची नजर गेली. "हे काय झालं?"

"आईने आमसूल आणि राख लावून घासली."

"का?"

"देवाची भांडी घासते तशी," मी म्हटलं.

बाई मोठ्याने हसल्या. मीही हसले, आणि डबा उघडून आईने दिलेली तळलेली मांदेली त्यांच्यापुढे केली.