दोघांनी सांगितलेली बातमी

कराडहून एस.टी.नं पाऊण तासावर असलेल्या बोरजाईवाडीत पेन्शनर फौजी इतके आहेत, की सकाळी मारुतीच्या पारावर बसायचं तर आधी जागा धरावी लागते. एकेकाची लढाई ऐकून ऐकून गावाला पाठ झाली आहे. कुणाची बोटं सियाचीनच्या बर्फात गेली, कुणी कारगिलला दगडाआड दोन दिवस उपाशी काढले. गुंडा मोरेच्या मांडीतली गोळी तर दर दिवाळीला इंचभर वर सरकते. ह्या सगळ्यांत आकाराम पिसाळ हा एकच माणूस असा, की अठ्ठावीस वर्षं नोकरी करून, नायब सुभेदार होऊन घरी आला आणि सांगायला त्याच्याकडं काहीच नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचा, "मी कागदं सांभाळली गड्या. हापिसात व्हतो."

मग काय, गावानं त्याचं नाव 'कारकून' ठेवलं. त्यानं ते मुकाट्यानं घेतलं. त्याची बायको तानुबाई चार वर्षांपूर्वी गेली, तीसुद्धा आपला नवरा पलटणीत टपाल वाटायचा अशीच समजूत घेऊन गेली.

आकाराम कारकून नव्हता. पलटणीत बातम्यांचा एक छोटा सेक्शन असतो. वर एक तरुण कॅप्टन, हाताखाली एक हवालदार आणि पाच-सहा जवान. गस्तीवरून आलेला माणूस काय पाहिलं ते तिथं सांगतो, वायरलेसवर कानावर पडलेलं तिथं येतं, आसपासच्या गावांतला एखादा भीत भीत येऊन कुजबुजतो, तेही तिथंच. हवालदार आकाराम ते सगळं तारीख-वेळ घालून वहीत उतरवायचा आणि प्रत्येक बातमीला दोन शेरे द्यायचा. एक अक्षर सांगणाऱ्या माणसाला, एक आकडा त्याच्या सांगण्याला. दोन्ही मुद्दाम वेगळे, कारण भला माणूसही चुकीची बातमी आणतो आणि एखादा लबाड कधीतरी खरं बोलून जातो. असे शेरे मारलेले कागद वर ब्रिगेडला जायचे, तिथून डिव्हिजनला. तिथं दहा ठिकाणचं दहा जणांनी पाहिलेलं एकत्र लावलं जायचं. आणि कारवाई ठरली, की खाली पलटणीत आकाराम वाळूचा नकाशा मांडायचा. वाळूचे डोंगर, निळ्या दोऱ्याचा ओढा, काडेपेट्यांची घरं. लढणाऱ्यानं लाथ मारून दार उघडण्याआधी दारामागं काय आहे ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. हे काम त्याला लय आवडायचं, हेही सांगून टाकतो.

त्याच पलटणीत गावातलाच कृष्णात होता. चंद्राबाईचा एकुलता एक मुलगा, आकारामपेक्षा बारा-चौदा वर्षांनी लहान, दांडगा आणि तोंडाळ. आकारामचं घर चंद्राबाईच्या घरासमोरच.

ह्या चंद्राबाईचा गल्लीत एक मान होता. सुट्टी संपवून परत निघालेल्या प्रत्येक फौजीच्या तळहातावर दही-साखर तिनं घालायची आणि जाताना एक शब्द सांगायचा. आई असो, बायको असो, त्यांचं रडणं मागून. आधी चंद्राबाईचा शब्द. कुणाला ती म्हणायची, "पोटाला खा." कुणाला, "लिवत जा रं." आकारामला एकदा म्हणाली होती, "तू लय गप असतोस, तिकडं तरी कुणाशी बोल." आणि कृष्णात शेवटच्या सुट्टीहून निघाला तेव्हा त्याच्या हातावर दही घालून ती म्हणाली, "कुणाच्या मागं लपू नगंस."

तेरा वर्षं झाली त्याला.

काश्मीरातल्या एका डोंगरगावात, ओढ्याकाठच्या घरात दोघं बंदूकधारी लपल्याची बातमी एका लाकूडतोड्यानं आणली. वरच्या मजल्यावर दोघं, खालच्या गोठ्यात फक्त गाय. आकारामनं त्याला बेताचा शेरा दिला, कारण माणूस नवा होता. दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराकडून तीच बातमी आली, अगदी तशीच. वर दोघं, खाली गाय. आकारामनं पहिल्या कागदावरचा आकडा खोडून जास्त भरवशाचा घातला. दुजोरा मिळाला होता.

कॅप्टननं विचारलं, "दोन्ही सोर्स अलग-अलग हैं ना, हवालदारसाब?"

"हां साब, अलग-अलग."

माणसं वेगळी होतीच. पण त्या दोघांना हे कुणी सांगितलं, हे त्यानं विचारलं नव्हतं. नव्यानं भरती झालेल्या पोरांना तो हीच गोष्ट घोकून घ्यायला लावायचा, आणि त्या दिवशी घाईत, आणि खरं सांगायचं तर बातमी जुळल्याच्या आनंदात, तोच विसरला.

रात्री तुकडी निघण्याआधी सगळे वाळूच्या नकाशाभोवती बसले. आकारामनं काठीनं काडेपेटी दाखवली. वर दोघं, खालचा गोठा रिकामा, आधी गोठ्यात शिरून जिना धरायचा. कृष्णात पहिल्या जोडीत होता. तो काडेपेटीकडं बघून हसला. "आकारामदादा, घर लय झ्याक बांधलंयसा. आमचं बी पत्रं गळत्यात, तेवढं बघा की."

गोठ्यात तिसरा होता. आदल्या संध्याकाळी येऊन मिळालेला. कृष्णात गायीपर्यंतसुद्धा पोचला नाही.

नंतर कळलं, की लाकूडतोड्याला आणि दुकानदाराला ती बातमी एकाच गवळ्यानं सांगितली होती, आणि त्या गवळ्यानं ते घर पाहिलं होतं तीन दिवसांपूर्वी. म्हणजे बातमी एकच होती, तीही शिळी. चौकशी झाली, अशा कामात असं होतं म्हणून कागद बंद झाला. आकारामला कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

बोरजाईवाडीत कृष्णात तिरंग्यात आला. पेटीबरोबर आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं चहा पिता पिता कौतुकानं सांगितलं, "शेर था. रुकने को बोला, रुका नहीं, सबसे पहले घुस गया." तो बिचारा कारवाईच्या जागी नव्हताच, ऐकीव बोलला. ते गुंडानं ऐकलं, शेजारच्या हंबीररावानं ऐकलं. दोघांनीही दहाव्याच्या आत वेगवेगळं जाऊन चंद्राबाईला तेच सांगितलं, तिला बरं वाटावं म्हणून. थांब म्हटलं तरी थांबला नाही, पहिला आत शिरला.

तिला बरं वाटलं नाही. तिला आपला शब्द आठवला. कुणाच्या मागं लपू नगंस.

त्या दिवसापासून तिनं तो मान सोडला. फौजी निघायचा म्हटलं, की ती आपल्या घराचं दार लावून मागं गोठ्यात जाऊन बसायची. गाडीचा आवाज लांब गेला की बाहेर यायची. लोकांनी आधी विनवलं, मग सोडून दिलं. दही आता ज्याच्या त्याच्या घरचे देतात.

आकाराम पेन्शनीवर आल्या वर्षी तिनं त्याला विचारलं होतं. दोघं साताऱ्याला, तिच्या पेन्शनीला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी निघाले होते. तिच्या बोटांचा ठसा यंत्राला उमटत नाही, त्यामुळं दर नोव्हेंबरला तिला घेऊन जायचं काम आकारामनं आपणहून अंगावर घेतलं होतं. एस.टी.त खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तू तितंच व्हतास न्हवं? थांब म्हणल्यावर माझा कृष्णात थांबला न्हाई, व्हय रं?"

"मी हापिसात व्हतो काकी. मला न्हाई म्हाईत."

हे तो दर वर्षी म्हणाला, ड्रायव्हरचं ते बोलणं पारावर कानावर आलेलं असूनही. असे दहा नोव्हेंबर गेले. मनाशी म्हणायचा, आपण शपथ घेतली आहे, ह्या कामातलं बाहेर बोलायचं नसतं. शपथ खरी होती. पण त्या गवळ्याचं नाव, त्या गावाचं नाव, एवढ्यापुरती ती होती. 'काकी, तुझा मुलगा हुकमाप्रमाणं गेला' एवढं सांगायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती पुढच्या प्रश्नाची. मग चुकलं कुणाचं? आकाराम भित्रा होता, आणि त्यानं शपथ पांघरली होती, हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

ह्या वर्षी कृष्णातची मुलगी दीपमाला लष्करी पोलिसांत भरती झाली. बाप गेला तेव्हा सात वर्षांची होती. बंगळुरूला ट्रेनिंगचं पत्र आलं, पारावर पेढे वाटले गेले, तिची आई संयोगिता रडून-हसून मोकळी झाली. आजीनं मात्र पेढ्याला हात लावला नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दीपमाला आकारामच्या पायरीवर येऊन बसली.

"काका, आजी म्हणती, मी दही देणार न्हाई. उद्या गोठ्यात जाऊन बसणार. तुमचं आयकती ती. सांगा की."

"मी काय सांगू, पोरी?"

"मी जाणार तर हायेच. पण आजीचा शब्द न घेता कसं जाऊ वो? पप्पांना मिळाला व्हता."

ती उठून गेली तरी आकाराम तिथंच बसून राहिला. मग चप्पल न घालताच समोरच्या घरात गेला.

चंद्राबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं टरफलं पुढ्यात ओढली, एक टरफल मध्ये ठेवलं आणि नोकरीत जसं सांगायचा तसं सांगायला लागला. "काकी, ह्ये घर. हितनं वढा. वर दोघं हायेत अशी बातमी व्हती, खाली कुणी न्हाई." गावाचं नाव घेतलं नाही, माणसांची घेतली नाहीत, बाकी सगळं सांगितलं. "कृष्णातला कुणी थांब म्हणलंच न्हाई. पयल्यांदा गोठ्यात शिरायचं असाच हुकूम व्हता. तो हुकमानं गेला. गोठा रिकामा हाय, ह्ये मी सांगितलं व्हतं."

चंद्राबाईचे हात थांबले. तिनं त्या टरफलावर बोट ठेवलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"दोघांनी."

"आन त्या दोघांना?"

एवढंच कॅप्टननं विचारलं असतं तर! आकाराम म्हणाला, "ते मी इचारलं न्हाई, काकी. एकाच मानसानं सांगितलं व्हतं."

"मला बी दोघांनी सांगितलं व्हतं. गुंडानं आन हंबीररावानं."

"त्या दोघांनी त्या डायवरचंच आयकलं व्हतं. तो तितं नव्हता."

"ह्ये तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

तिनं पदरातल्या शेंगा सुपात ओतल्या. आवाज चढला नाही, तेच आकारामला सोसेना. "तेरा वर्सं मी म्हणत आले, माझ्या तोंडानं माझा ल्योक खाल्ला. ह्या गल्लीतनं येवढी पोरं गेली, येकाला मी जा म्हणलं न्हाई, का तर माझा शब्द वाईट. आन तू हितं बसून माझ्या हातचा चा पीत व्हतास."

"व्हय, काकी."

"चूक हुती मानसाकडनं. ती मी गिळली असती रं. पर दर साली त्या गाडीत मी तुला इचारलं."

आकाराम रडला. तिच्यासमोर, मान खाली घालून, आवाज करत रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "ऊठ आता."

सकाळी मिरजेच्या स्टेशनला जाणारी जीप दारात उभी राहिली. गल्ली जमली. आकाराम आपल्या पायरीवरच उभा होता, पुढं जायचं धाडस त्याला झालं नाही. चंद्राबाईचं दार बंद होतं. संयोगितानं शेवटी स्वतःच वाटी हातात घेतली, तेवढ्यात दार उघडलं. म्हातारी बाहेर आली, सुनेच्या हातातली वाटी घेतली आणि दीपमालाच्या तळहातावर दही-साखर घातली. तेरा वर्षांनी ती काय बोलते ते ऐकायला गुंडासुद्धा पुढं सरकला.

तिनं दीपमालाची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"कुणी सांगितलं ते इचार. दोघांनी सांगितलं तर त्या दोघांना कुणी सांगितलं ते बी इचार. मग जा."

लोकांना काही उमगलं नाही. म्हातारीचं वय झालं, असं हंबीरराव हळूच म्हणाला. दीपमालानं दही चाटलं, आजीच्या पाया पडली आणि जीपमध्ये बसली. चंद्राबाई वाटी घेऊन परत फिरली. समोरच्या पायरीवर उभ्या आकारामकडं तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर गल्लीतून अजून दोघं फौजी निघाले. दोघांनाही तिनं दही दिलं, शब्द दिला. गल्लीत तिचा मान पुन्हा सुरू झाला.

नोव्हेंबरात आकाराम धुतलेला सदरा घालून, तिच्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. समोरचं दार उघडलं. संयोगिता आली, पिशवी मागून घेतली आणि खाली बघत म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात, आता मीच नेत जाईन त्यास्नी." मग त्या दोघी एस.टी.ला गेल्या. आकाराम पिसाळ दुपारपर्यंत तिथंच बसून होता.