काचेवरचा होला

झटका आल्यानंतर तिच्याकडे दोनच शब्द उरले. राहू दे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की बोलणं जातं, पण कधी कधी वापरून गुळगुळीत झालेला एखादा शब्द मागे राहतो आणि माणूस सगळ्याला तोच म्हणतो. नोकरीभर हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसलेली बाई. "थांबा, जोडून देते" हे तिच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की झोपेतही बोलायची. ते गेलं. नवऱ्याला मारायची "अहो" ही हाक गेली, मुलीचं नाव गेलं. चहा देऊ का? राहू दे, आणि चहा पिऊन टाकायची. उशी उंच करू? राहू दे, आणि मान उचलून वाट बघायची. तशी धडधाकट असतानाही ती आधी राहू दे म्हणून मग दोनदा वाढून घेणाऱ्यांतली होती. त्यामुळे घरात कोणी त्या शब्दांचं फारसं मनावर घेतलं नाही.

नवरा काचा बसवायचा. सगळे त्याला काचवाले म्हणत. "आमचे हे इतके गप्प, की आरपार दिसतात," असं ती शेजारपाजारी सांगायची.

तिचं दुसरं माणूस म्हणजे मागचं अंगण. कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी ती मागे जाई, मातीच्या परळातलं पाणी बदली, धान्य टाकी आणि पायरीवर बसून राही. चिमण्या, बुलबुल, भांडखोर सातभाई, सगळे यायचे. पण जीव होल्यांवर, कबुतराच्या त्या लहान भावंडांवर. एक जोडी कायमची होती. नर मादीपुढे सारखा वाकून वाकून घुमायचा, म्हणून त्याचं नाव तिने ठेवलं नमस्कारे. मादी तिकडे ढुंकून न बघता दाणे टिपायची, ती बाईसाहेब. होल्यांचं घरटं म्हणजे चार काड्या आडव्या, चार उभ्या. खालून बघितलं तर अंडी दिसायची. ते पाहून ती नवऱ्याला म्हणायची, "अहो, हे काम तुम्ही केलंत का? काच बसवायची राहिलीय नुसती."

झटक्यानंतर हॉस्पिटलात तिच्या नाकातून पोटात नळी घातली होती. उजवा हात गेलेला. डाव्याने ती नळी उपसून काढायची. म्हणून नर्सने तो हात पट्टीने खाटेला बांधला. ती राहू दे, राहू दे म्हणत होती. नर्स हसून म्हणाली, "बघा, किती भिडस्त आहेत!" काचवालाही हसला होता. पुढे ती गिळायला लागली, नळी निघाली, आणि तिला घरी आणलं.

खाट मागच्या खोलीत टाकली. तिथली खिडकी हातभर, तीही छताजवळ. दिवसभर ती भिंत बघत पडायची. काचवाल्याने गवंडी बोलावला आणि ती भिंत गुडघ्यापर्यंत उतरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड काच बसवली, मध्ये पट्टी नाही, जोड नाही. तीन माणसं लागली उचलायला. नवी काच बसली की तिच्यावर चुन्याची फुली मारायची हा या धंद्याचा रिवाज, नाहीतर कोणीतरी येऊन आपटतं. सवयीने त्याने फुली मारली. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकली. हिला अंगण स्वच्छ दिसायला हवं, आणि इथे आपटायला येणार कोण?

पहिला बुलबुल त्याच आठवड्यात आला.

बाहेरून त्या काचेत झाड दिसायचं, आभाळ दिसायचं. पाखरू तिकडे झेप घ्यायचं आणि थाप पडायची. काचवाला मागे जाऊन मेलेलं पाखरू उचली, कोपऱ्यात पुरी, आणि आत येऊन काही घडलंच नाही असं दाखवी. खाटेचं तोंड काचेकडे होतं हे त्याच्या ध्यानात होतं. पण तिला किती कळतं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि फारसं कळत नसावं हे धरून चालणं त्याला सोपं होतं.

होला आपटला की वेगळं असतं. त्याच्या पिसांत पिठासारखी भुकटी असते, ती काचेला चिकटते. पाखरू खाली पडतं आणि काचेवर त्याचा ठसा राहतो. पसरलेले पंख, पंखातलं पीस न् पीस, छातीचा गोल, वळलेली मान. पहिला ठसा बघून काचवाल्याच्या अंगावर काटा आला. त्याने फडकं भिजवलं.

"राहू दे," ती आतून म्हणाली.

"अगं, राहू दे काय, दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे. राहू दे."

"झालंच बघ." आणि त्याने काच अशी पुसली की मध्ये काच आहे हे सांगावं लागावं.

पुढे हे नेहमीचं झालं. थाप पडायची, तो पुसायचा, ती राहू दे म्हणायची. मग एका सकाळी नमस्कारे आपटला. ठशाच्या मानेवरूनही ओळखू येत होता, वाकलेलाच. ती डाव्या हाताने खाटेची दांडी बडवत राहिली, राहू दे, राहू दे, आवाज फाटेपर्यंत. तिची शुश्रूषा करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काका, त्यांना बघवत नाही हो. पुसा लवकर." त्याने लवकर पुसलं. मुलगी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, पडदा लावून टाक सरळ." पडद्यालाही ती राहू दे म्हणाली.

"बघ," मुलगी म्हणाली. "हिला काय हवंय ते हिला तरी माहीत आहे का?"

बाईसाहेब तारेवर एकटी बसायची. दाणे टिपायला उतरायची आणि परत तारेवर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काचवाला एका कापडदुकानाचं दार बसवत होता. दार बसलं, त्याने चुन्यात कुंचला बुडवून मोठी फुली मारली. दुकानदार बाहेर आला.

"हे काय रंगवलंत? माल दिसायला नको? पुसून टाका ते आधी."

"राहू दे," काचवाला म्हणाला. "कोणाचं तरी डोकं फुटेल."

म्हणाला आणि कुंचला हातात धरून उभाच राहिला. दुकानदाराने विचारलं, "काय झालं? चक्कर येतेय का?" त्याने बादली उचलली, हत्यारं तिथेच टाकली आणि घरी आला.

तो तसाच मागच्या खोलीत गेला.

"पुसू नको म्हणत होतीस?"

"राहू दे," ती म्हणाली आणि डोळे मिटले. त्याने अंगणातून त्या काचेवर फुल्या मारल्या. खालपासून वरपर्यंत, पाखराला ओंजळीएवढंही सलग आभाळ दिसू नये अशा. आयुष्यात केलेलं सगळ्यात स्वच्छ काम त्याने तासाभरात घाण करून टाकलं. नंतर खाटेशी बसून बघितलं. फुल्यांच्या मधून झाडाचे तुकडे दिसत होते, तारेचा तुकडा, आणि बाईसाहेबांची शेपटी.

थापा बंद झाल्या. पण त्याची झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. एक राहू दे खरा निघाला, तर बाकीच्यांचं काय? चहा ती पीत होती, तेव्हा तो खोटा. पडदा? मावशी दुखरा हात ताणून व्यायाम द्यायच्या, तेव्हाचा? खाटेला बांधलेला तो हात, आणि नर्सबरोबर आपण हसलो होतो ते?

हिवाळा संपताना तिला घास गिळेना. पाणी दिलं तरी ठसका लागून ती निळी पडायची. डॉक्टर घरी आले. नळी पुन्हा घालावी लागेल म्हणाले. घातली तर बरेच दिवस काढतील, नाही घातली तर थोडे. नळीचं पाकीट त्यांनी खाटेवर ठेवलं. तिने ते बघितलं.

"राहू दे."

डॉक्टरांनी बॅगेतून हातमोजे काढायला सुरुवात केलीच होती. काचवाला मध्ये उभा राहिला.

"नको डॉक्टर. ती राहू दे म्हणतेय."

"बाबा!" मुलगी ओरडली. "ती सगळ्यालाच राहू दे म्हणते!"

"हो. आणि आपण सगळं केलं."

"तू तिला उपाशी मारणार आहेस?"

त्याने खाटेकडे बघितलं. "ए," तो म्हणाला, "नळी नको ना? नको असेल तर हात दाब." आणि तिचा डावा हात हातात घेतला. तिने दाबला. मुलगी म्हणाली, "मी धरला की मलाही दाबते. कोणी धरला तरी दाबते." ते खरं होतं. डॉक्टरांनी पाकीट बॅगेत टाकलं आणि म्हणाले, "विचार बदलला तर फोन करा."

त्याने फोन केला नाही. पुढचे दिवस सोपे नव्हते. ओल्या कापसाने तो तिचे ओठ पुसायचा. ती कापूस चोखायची. आणखी हवाय का, म्हणून विचारलं की राहू दे म्हणायची, आणि तो देत राहायचा, कारण तेवढा खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं. शेवटी तेही दोन शब्द गेले. ती गेली तेव्हा दुपार होती, आणि बाहेर सातभाई नेहमीसारखे भांडत होते.

मुलगी आता सणासमारंभालाही येत नाही. फोन करते, तब्येत विचारते, ठेवते. शेजारी थट्टेने म्हणतात, "काचवाले, तुमच्याच घराची काच तेवढी पुसायची राहिली." तो हो म्हणतो.

सकाळी तो दाणे टाकून त्या खाटेवर येऊन बसतो. बाईसाहेब तारेवरून सुटते, सरळ काचेकडे येते आणि हातभर अंतरावर वळते. फुल्या बघून वळते की आत बसलेल्या त्याला बघून, हे त्याला अजून सांगता येत नाही.