म्युरिअल टॉलीचा उघडा दरवाजा

नदी रात्रीच चढली आणि सकाळी ‘ऑटर’ पबच्या पहिल्या पायरीला लागली, तेव्हा म्युरिअल टॉलीने दोन कामं केली. नवऱ्याचे जुने गमबूट चढवले आणि पुढचं दार, मागचं दार, दोन्ही सताड उघडली. एल्मफर्डमधली नदीकाठची जुनी घरं अशीच वागतात. दार लावलं की पाणी भिंतींना धडका देतं. उघडं ठेवलं की पुढून येतं, दगडी फरशी धुतं आणि मागच्या अंगणातून निघून जातं.

सतराव्या वर्षी ती इथे पेले विसळायला आली, पुढे मालकाचीच बायको झाली. मालक म्हणजे नावाचाच. इमारत दारूच्या कंपनीची. नवरा, आर्थर, गेला तेव्हा कंपनीला वाटलं, बाई आता बहिणीकडे जाईल. बाई हलली नाही. कंपनीला तिथे फ्लॅट बांधायचे होते, आणि त्यांच्या हातात करारातलं एक जुनं कलम होतं: गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, पब उघडा हवा आणि विक्री झालीच पाहिजे. एक गुरुवार चुकला की भाडेकरार संपला.

आज गुरुवार होता. पूल बंद, बाजार बंद, सगळी गिऱ्हाइकं पलीकडच्या काठाला. तळघरातली पिंपं पाण्याखाली. म्युरिअलने बाटल्या आणि गल्ल्याची पेटी जिन्यावर मांडली आणि पाचव्या पायरीवर बसली. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीचाच तिला भयंकर राग येत होता.

दुपारी विल्फ गार्बेट आपली होडी थेट दारातून आत घेऊन आला. म्हातारा चॅपलवाला, म्हणजे दारू पाप मानणाऱ्या पंथाचा; लहानपणीच न पिण्याची शपथ घेतलेला. रोज इथे बसायचा, पण आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता.

“कुणीच आलं नाही?” त्याने विचारलं.

“नदी आली की.”

विल्फने टोपी काढली. “ओत मग एक पेला. देव बघून घेईल.”

“गप बस. सत्तर वर्षांची शपथ माझ्या जिन्यावर मोडतोस होय? त्यापेक्षा मी बुडेन.” तिचा आवाज मात्र जरा ओला झाला.

“मग ऐक. तो कंपनीचा पेंटन पलीकडे उभा आहे. आणून सोड म्हणतोय.”

“आण की. पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं?”

पेंटनसाहेब आले ते कमरेपर्यंत भिजून. दारात होडीतून उतरायची घाई नडली होती. दात वाजत होते, तरी चेहऱ्यावर समाधान होतं.

“मिसेस टॉली, आज विक्री?”

“अजून नाही.”

“वाईट वाटतं हो मला.” ते तिसऱ्या पायरीवर टेकले. थंडीने बोलवेना. “जरा ब्रँडी मिळेल का?”

म्युरिअलने ओतली आणि पेला हातातच धरला. “आधी पैसे. इथे उधारी नाही.”

त्यांनी सवयीने खिशात हात घातला आणि नाणी दिली. पेला एका दमात रिकामा झाला. गल्ल्याची घंटी वाजली तेव्हा कुठे साहेबांचा हात हवेत थांबला.

“हे... हे धरायचं नाही!”

“नका धरू. मग वर कळवा, की गुरुवारी बंद पबात बसून कंपनीचे साहेब ब्रँडी प्याले. विल्फ, तू साक्षीला येशील ना रे?”

“चॅपलवाला खोटं बोलत नाही,” विल्फ म्हणाला.

साहेबांचे कान लाल झाले, ते काही ब्रँडीने नव्हे.

म्युरिअल उठली. पब बंद करताना आर्थर रोज वाजवायचा ती पितळी घंटा तिने दोरीला धरून दणदणा वाजवली. ओस पडलेल्या खोलीत, वाहत्या पाण्यावरून, बाजाराच्या गर्दीला ऐकू जावं अशा आवाजात ती ओरडली, “वेळ संपली, मंडळी! पेले खाली ठेवा आणि आपापल्या घरी चला!”

आणि पेंटनसाहेबांना होडीत बसवून दिलं.