तळवा दाखव

माझा भाऊ रंगाच्या कारखान्यातून मागच्या वर्षी निवृत्त झाला. निरोपाला मुकादमानं त्याला एक घड्याळ दिलं आणि भाषणात सांगितलं, की हा आमचा सगळ्यात शांत माणूस. मी खाली खुर्चीत बसून दातओठ खात होते. शांत! याच पटांगणात काय झालं होतं ते त्या नव्या मुकादमाला कुठून माहीत असणार?

तेव्हा भाऊ सोळा वर्षांचा होता. आईबाप दोघंही लवकर गेले, म्हणून त्याला मीच वाढवलं. मी कारखान्यात घडी विभागात होते. वाळलेल्या सुताच्या लडी मोजायच्या, पिळायच्या, बांधायच्या. तो अंगानं इतका बारीक, की गल्लीत सगळे त्याला काडी म्हणायचे. काडीला कुणीही मोडावं. शाळेतून येताना मार, पाव आणायला गेला तर मार, काही केलं नाही म्हणूनही मार. शर्टाच्या बाह्या शिवून शिवून माझी बोटं दुखायची. मी भांडायला गेले की पोरं म्हणायची, "ताईच्या पदराआड लपतोय." मग तो घरी येऊन माझ्यावरच ओरडायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

शाळा सोडून तो कारखान्यात सूत रंगवायच्या लाल हौदावर लागला आणि त्याचं नशीब फिरलं. लाल हौदावरच्या पोरांची एक टोळी होती, पंजेवाले. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणायचे. खांदे असे, की दारातून जाताना तिरकं व्हावं लागे. टोळीत यायचं तर रबरी हातमोजा काढून हात लाल हौदात बुडवायचा आणि कारखान्यामागच्या गल्लीतल्या भिंतीवर पंजा उमटवायचा. मग सगळ्यांनी मिळून मारायचं, आणि मार खाऊन उठलास की तू आमचा. माझा भाऊ फुटका ओठ घेऊन हसत घरी आला. मी त्याला इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. "ताई, आता मला कुणी हात लावणार नाही," म्हणाला. खोटं नव्हतं ते. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं त्याला रस्ता सोडू लागली, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

पण फुकट काही मिळत नाही. पंजेवाल्यांना मारायला कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी ठरलेलं होतं: नदीपलीकडून आलेली माणसं. ती रंगानं काळी, बोलायला हळू, कारखान्याच्या मागे एका रांगेतल्या खोल्यांत राहायची. त्यांना काम मिळे ते फक्त काळ्या हौदावर. रबरी मोजे फक्त आमच्या लोकांना. मुकादम म्हणायचा, "तुमच्यावर कुठं दिसतंय? तुम्हाला मोजे कशाला?" आणि आमची माणसं हसायची. काळा रंग कातडीला धरतो तो पंधरा-वीस दिवस सुटत नाही. त्यामुळे त्यांच्या माणसाची ओळख चेहऱ्यावरून नाही, तळव्यावरून पटायची. तळवा काळा, तर पलीकडचा.

पंजेवाल्यांची पद्धत अशी होती. चेहरा बघायचा नाही आणि आपला दाखवायचा नाही. मागून डोक्यावर पोतं टाकायचं, एकानं हात ओढून तळवा बघायचा, काळा निघाला की बाकीच्यांनी सुरुवात करायची. पहिल्यांदा भाऊ त्यांच्याबरोबर गेला तेव्हा त्यांनी एका म्हाताऱ्या झाडूवाल्याला मारलं. घरी येऊन हा मोरीत ओकला. मी विचारलं तर म्हणाला, "मी फक्त पोतं धरलं होतं." मी त्याच्या तोंडात ठेवून दिली. पोतं धरणारा काय वेगळा असतो? तो रडला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यातच जाऊन बसला. जाणार तरी कुठं? बाहेर पुन्हा काडीच होता तो.

काळा हौद लाल हौदाच्या शेजारीच. हात धुवायचा नळ दोघांना मिळून एक. तिथं त्याला ताड्या भेटला. ताडासारखा उंच, माझ्या भावाच्याच वयाचा, पलीकडचा. हौदातून दांड्यानं ओली लडी उचलताना भावाची कंबर धरायची. ताड्यानं एकदा बघितलं आणि सांगितलं, "कंबरेनं नको उचलू, गुडघ्यानं उचल. आणि दांडा मांडीला टेकव." एवढ्याशा गोष्टीनं दोघांचं जमलं. हा त्याला ताड्या म्हणे, तो याला चुना म्हणे. "ए चुना, पाऊस आला तर विरघळशील." फाटकाच्या आत दोघं चोरून बिडी ओढायचे. फाटकाबाहेर पडले की एकमेकांना ओळखायचे नाहीत. ताड्याला सगळं माहीत होतं, भिंतीवरचे पंजेसुद्धा. मला वाटतं त्याला आशा होती, की हा पोरगा कधीतरी स्वतःहून बाहेर पडेल. मलाही तीच आशा होती.

एके दिवशी दुपारी ताड्या त्याच्याकडे आला. त्याच्या आईला सणसणून ताप होता, तिला दवाखान्यात न्यायचं होतं. मुकादमाला विचारलं तर नोकरीच जायची. "माझा हौद बघशील? वाफेत कोण आहे ते लांबून कळत नाही." भाऊ हो म्हणाला, आणि पटकन म्हणाला, कारण त्याला दुसरीही एक गोष्ट माहीत होती. सकाळीच कप्ताननं ठरवलं होतं, की आज काम सुटल्यावर मागच्या गल्लीत काळ्या हौदावरचा एक जण धरायचा. ताड्या दुपारीच निघून गेला तर तो सापडणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं या वेड्याला वाटलं.

लाल मोजे काळ्या हौदात घातले तर सूत बिघडतं. म्हणून त्यानं मोजे काढून ठेवले आणि उघड्या हातांनी दुपारभर काळा हौद ढवळला. भोंगा झाला, तो नळावर गेला, हात चोळले. रंग कसला निघतोय? तसाच तो मागच्या गल्लीकडे धावला. टोळीत उशिरा पोचणाऱ्याला शिवी बसते, म्हणून धावला. आपल्याच माणसांत जातोय ना, मग भीती कसली?

गल्लीच्या तोंडाशी मागून पोतं पडलं. कुणीतरी उजवा हात ओढला, तळवा वर केला आणि म्हणालं, "काळा." तो पोत्यातून ओरडला, "अरे, मी आहे, मी!" पण पोत्यात मार खाणारा प्रत्येक जण हेच ओरडतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं स्वतः ते ऐकलेलं होतं. पोटात लाथा बसल्या. मग कप्तानचा आवाज आला, "हातच मोडा. आमचं काम घेतात ते हातच मोडा." त्यांनी त्याचा पंजा दगडावर ठेवला आणि ढवळायच्या दांड्यानं ठेचला. मोडलेल्या बोटांचा आवाज त्याला त्याच्या ओरडण्याहून मोठा ऐकू आला, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

पोतं निघालं. कप्तान म्हणाला, "अरे, हा तर आपलाच." मागून कुणीतरी खुदकन हसलं. माफी कुणी मागितली नाही. कप्तान त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि समजुतीच्या सुरात बोलला, "झालं ते झालं. उद्या पटांगणात सगळ्यांसमोर सांगायचं, पलीकडच्यांनी मारलं. मग त्यांच्या खोल्या आम्ही बघतो. तू आमचा आहेस, काडी. तुझा हात वाया नाही जाऊ देणार."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोरानं ज्याला लुटलं त्यालाच बोंब मारायला लावावी, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरनं हात बांधला आणि तीन बोटं सरळ होणार नाहीत म्हणून सांगितलं. घरी मी त्याच्या तोंडाला दुधाचा पेला लावला आणि म्हणाले, "तू एवढंच सांग, की दिसलं नाही. डोक्यावर पोतं होतं, खोटंही होणार नाही."

"दिसलं नाही, ताई. ऐकू तर आलं ना."

"खरं बोललास तर ते तुला जिता सोडणार नाहीत."

"आणि खोटं बोललो तर ती रांग पेटवतील. ताड्या आणि त्याची आई तिथंच आहेत." मग तो म्हणाला, "मी पुन्हा एकटा पडेन गं." त्या क्षणी मला तो सहा वर्षांचा वाटला आणि कप्तानचा गळा माझ्या दोन हातांनी दाबावासा वाटला. अजूनही वाटतो.

सकाळी अख्खा कारखाना पटांगणात, हौदांसमोर जमला. पलीकडचे भिंतीला टेकून उभे होते, ताड्या त्यांच्यात सगळ्यांहून वर. पंजेवाल्यांनी दांडे आणलेच होते. मुकादमानं विचारलं, "कुणी मारलं?" कप्ताननं भावाच्या खांद्यावर हात ठेवला होता, थोरल्या भावानं ठेवावा तसा. माझ्या भावानं चांगला हात वर केला. सगळे भिंतीकडे बघायला लागले. हात भिंतीकडे गेलाच नाही. तो कप्तानच्या छातीवर टेकला.

"यानं. आवाज ओळखतो मी. माझा तळवा काळा होता म्हणून मारलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कप्ताननं शेजारच्याच्या हातातला दांडा हिसकावला आणि पहिला फटका भावाच्या मानेवर हाणला. दुसरा डोक्यावर बसला असता, पण मध्ये ताड्या आला. भिंतीपासून तिथवर तो कसा पोचला, देव जाणे. त्याच्या लांब टांगाच त्याला नडल्या. दांडा त्याच्या कानशिलावर बसला, तो मागे कोलमडला आणि काळ्या हौदाच्या दगडी काठावर त्याचं डोकं आपटलं. मग कोण कुणाला मारतंय ते कळेनासं झालं. दांडे, विटा, बादल्या, जे हाताला लागेल ते. एका पंजेवाल्याचा डोळा गेला, मुकादमाचा हात मोडला, पलीकडच्या एका बाईला केस धरून फरफटत नेलं. मी भावाच्या अंगावर पालथी पडले होते. माझ्या पाठीवर किती बसले ते मी मोजले नाहीत. पोलीस आले तोवर ताड्या गेला होता. दगडावरून त्याचं रक्त हौदात ओघळत होतं, आणि काळ्या रंगात ते दिसतही नव्हतं.

कप्तान तुरुंगात गेला. काही वर्षांनी सुटला, आता बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान आहे. सगळे म्हणतात, तो सुधारला. सुधारला असेल. माझ्या घरात त्याच्या दुकानातला चमचासुद्धा येणार नाही.

ताड्याला पुरून आल्यावर भाऊ त्याच्या आईकडे गेला. मी बरोबर होते. ती माउली तापातून नुकती उठलेली. दार अर्धं उघडून तिनं याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमच्या पोरांची पद्धत तिच्या कानावर होतीच. ती म्हणाली, "तळवा दाखव."

यानं डावा हात पुढं केला. तळवा काळा होता, तिच्या लेकाच्या हौदाच्या रंगाचा.

"कधी जाईल हा?"

"पंधरा-वीस दिवसांत, मावशी."

"गेला की येऊ नकोस."

ती रागानं बोलली की कसं, ते मला आजवर उमगलेलं नाही. पण माझ्या भावानं ते शब्दशः घेतलं. हात जरा बरा झाल्यावर त्यानं मुकादमाकडे काळा हौद मागितला. मुकादम हसला, म्हणाला, "मार डोक्यात गेला वाटतं." आमच्यापैकी स्वतःहून काळ्या हौदावर गेलेला तो पहिलाच. मोजे त्यानं घेतले नाहीत. पुढं पलीकडच्यांनाही मोजे मिळायला लागले, तरी यानं घेतले नाहीत. डाव्या हातानं दांडा धरून, मांडीला टेकवून, गुडघ्यातून वाकून त्यानं सगळा जन्म काढला. एक-दोन स्थळं आली, ती तळवे बघून परत गेली. मी खूप भांडले. "अरे, त्यानं जीव दिला तो तू जगावंस म्हणून, हौदात कुजावंस म्हणून नाही!" तो हसायचा. आणि दर सुटीच्या दिवशी ताड्याच्या आईच्या खोलीवर जायचा. दारात तळवा दाखवायचा, मग ती त्याला आत घ्यायची. तिचं पाणी भरायचा, सामान आणायचा, छप्पर नीट करायचा. माझी मुलं त्याला काळामामा म्हणतात, आणि ते त्याला आवडतं.

निवृत्तीनंतर मात्र रंग उतरू लागला. आधी करडा झाला, मग नखांच्या कडेला तेवढा राहिला. हा अस्वस्थ. एक दिवस मी मोरीत पाहिलं, तर हा कारखान्यातून आणलेली रंगाची पुडी बादलीत कालवत होता. मी बादली लाथेनं उलटवली. "पुरे झालं!" म्हणून किंचाळले. त्या सुटीला तो गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जेवण सुटलं. शेवटी मीच त्याला दंडाला धरून घेऊन गेले.

दाराबाहेर तो हात खिशात घालून उभा राहिला. कडी वाजवेना. मी वाजवणार, तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, "दोन सुट्या कुठं होतास रे?"

"मावशी," हा बाहेरूनच म्हणाला. "रंग गेला."

काठीचा आवाज आला, दार उघडलं. आता तिचे डोळे पार पांढरे झालेत. तिनं चाचपत त्याचा खिसा शोधला आणि हात बाहेर ओढला, उजवा, मोडका. वाकड्या बोटांवरून एकेक करून अंगठा फिरवला.

"मला दिसेनासं होऊन कितीतरी वर्षं झाली, वेड्या," ती म्हणाली. "तू दाखवत होतास, मी बघितला म्हणत होते. चल, आत ये. पाय पूस."